दात बघून घेतलेली गाडी

तर पाण्याच्या टाकीच्या वळणावर गाडी पोचली, की त्याची बायको न सांगता उतरायची. काल इथपर्यंत आलो होतो आणि कुणीतरी दार वाजवलं, गोष्ट तिथेच राहिली. काल जे नव्हते त्यांनी गोंधळून जाऊ नये. या गोष्टीत माणसं मोजकी आहेत आणि चढ एकच आहे.

गाडी शंभर सीसीची, वयाने म्हातारी, आवाजाने दमेकरी. सपाटीवर ती दोघांना कशीबशी न्यायची, पण शहराबाहेरचा तो लांबलचक चढ लागला, की तिचा जीव घशाशी यायचा. पहिल्या गिअरमध्येसुद्धा ती अशी चालायची, की कडेला चरणारी शेळी मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. मग बायको उतरायची, दोन्ही डबे हातात घ्यायची, हेल्मेट काखेत मारायची आणि कडेकडेने चढायला लागायची. तो एकटा गाडीवर बसून, दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत, होडी वल्हवावी तसा वर जायचा. ट्रकवाले मागून हॉर्न वाजवून दात काढायचे. गंमत अशी, की बरेचदा बायकोच आधी पोचायची. वर जाऊन, पदराने घाम पुसून, त्याची वाट बघत उभी राहायची. तो आला की म्हणायचा, "आज हवा समोरून होती."

हा जो गाडीवर बसून हवेला दोष द्यायचा, त्याचं खरं नाव गल्लीत कुणाच्या लक्षात नव्हतं. सगळे त्याला नापासराव म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, त्याला ते ठाऊक होतं, आणि वर त्याला त्याचा अभिमान होता. समोर येईल त्यावर शेरा मारल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. गावच्या शाळेत पूर्वी असे एक मास्तर असायचेच. पोराने पाटी पुढे केली, की पाटीवर काय लिहिलंय ते बघायच्या आधीच ओठ मुडपायचे. हा त्याच जातकुळीचा. नवा पूल झाला, हा एकदा त्यावरून गेला आणि म्हणाला, "नापास." शेजाऱ्याने घर रंगवलं, नापास. सासरे वारले तेव्हा शोकसभेत लोक रडत होते, आणि हा दाराशी उभा राहून भाषण करणाऱ्याला नापास करत होता.

कामाने तो कवळ्या करणारा. चढ संपला की वर मोठं हॉस्पिटल लागायचं, हॉस्पिटलसमोर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, आणि दवाखान्यावर जिना चढून एक खोली. खोलीत एक लांब टेबल, एक खिडकी, सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, वितळलेल्या मेणाचा वास आणि कोपऱ्यात पॉलिशचं गरगरतं चाक. खाली डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा ठसा घ्यायचे. तो वर आला, की हा त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचा, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवायचा आणि हिरडीत एकेक दात. भिंतीच्या फळीवर असे जबडे ओळीने मांडलेले असायचे, बिननावाचे, बिनचेहऱ्याचे. ज्यांचे ते जबडे, ती माणसं त्याने कधी बघितली नव्हती. पेशंटने वर यायचं नाही आणि याने खाली जायचं नाही, अशी तिथली पद्धत होती. ती त्याला मानवायची. माणसांबद्दल त्याचं मत एवढंच होतं, की ती दातांच्या मागे उगीच लोंबकळत असतात.

हात मात्र त्याचा चांगला होता. कबूल करायला जिवावर येतं, पण होता. बाकीचे कवळीवाले दात बसवतात ते कवायतीला उभ्या केलेल्या पोरांसारखे, सगळे एका रेषेत. हा वरच्या ओळीतला, समोरच्या दाताशेजारचा एक दात केसभर तिरपा बसवायचा. "जन्माचे दात सरळ नसतात," असं तो फळीवरच्या जबड्यांना सांगायचा. "सरळ रांग दिसली, की समजायचं विकत आणलीय." तो तिरपेपणा एवढा बारीक असायचा, की डॉक्टरांच्याही लक्षात यायचा नाही. पण तोंडात गेल्यावर त्याची कवळी कवळी वाटायचीच नाही.

बायको समोरच्याच हॉस्पिटलात, धुलाईघरात होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं उकळत्या पाण्यातून काढायचं, वाळवायचं, इस्त्री करून घड्या रचायच्या. काम पहाटेचं, आणि पहिली बस सूर्य वर आल्यावरची. नोकरी तात्पुरती होती. कायम करायचं की नाही ते महिनाअखेर ठरायचं होतं. तिथली मुकादमीण कडक. ती म्हणाली, "घड्या तुझ्यासारख्या कुणी घालत नाही, पण मला घड्या वेळेवर लागतात. आणखी दोनदा उशीर झाला, तर मी दुसरी बघेन. मनात राग धरू नकोस."

तिने राग धरला नाही. घरी आली, आपल्या पगारातून बाजूला टाकलेले पैसे कपाटातून काढले आणि नवऱ्यासमोर ठेवले. त्या पैशांत नव्या मोठ्या गाडीचे फारतर दोन आरसे आले असते. म्हणजे गाडी जुनीच घ्यायची होती, आणि एकदाच. ती म्हणाली, "अहो, मोठ्या इंजिनाची बघा. रंग कुठला, कंपनी कुठली, मला काही सांगू नका. फक्त घ्यायच्या आधी मला मागे बसवून टाकीचं वळण चढून बघा. चढली, तर घ्या."

"ते तू मला शिकवू नकोस," नापासराव म्हणाला.

सोबत तिने आपल्या धाकट्या भावाला दिलं. त्याचं गाड्या दुरुस्तीचं छोटं गॅरेज होतं. गाडीतलं त्याला कळायचं, पण तोंड असं, की इंजिनाच्या आधी ते सुरू व्हायचं आणि चावी काढली तरी बंद व्हायचं नाही. नापासरावने त्याला लग्नाच्या दिवशीच नापास केलं होतं, आणि मेव्हण्यानेही आपल्या दाजींची किंमत तेव्हापासून करून ठेवली होती.

पहिली गाडी बघितली ती पेट्रोल पंपाशेजारच्या पंक्चरवाल्याची. दोनशे सीसीची, टाकीचा रंग उडालेला, सीट फाटून जाड दोऱ्याने शिवलेली. मेव्हण्याने बटण दाबलं, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने साखळी बघितली, टायर बघितले, इंजिनाला कान लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दाजी, ताईला बोलवा. हिला चढावर घालू."

दाजींचं लक्ष गाडीकडे नव्हतंच. ते पंक्चरवाल्याच्या तोंडाकडे बघत होते. तोंडात उरलेले दात काळे, दोन अर्धे मोडलेले, मधे एक खिंडार. पंक्चरवाला बिचारा हसून म्हणाला, "बघा साहेब, मी रोज हिच्यावरून येतो. त्रास नाही."

"नापास," नापासराव म्हणाला आणि रस्त्याला लागला.

मेव्हणा मागे धावला. "अहो दाजी, गाडीत काय खोट निघाली?"

"गाडी कोण बघतंय? ज्याला स्वतःच्या तोंडात रोज ब्रश फिरवता आला नाही, तो गाडीत तेल घालत असेल? जो दात राखतो, तो वस्तू राखतो. माणूस बघावा, यंत्र आपोआप कळतं."

"तुम्ही गाडी घ्यायला आलाय की बैल?"

"तू साखळी बघ," नापासराव म्हणाला. "माणूस मी बघतो."

दुसरी गाडी एका व्यायामशाळेच्या मास्तरची. साडेतीनशे सीसीची, जिकडे बघावं तिकडे चकचकाट, आणि सायलेन्सर असा, की सुरू केल्यावर समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मास्तरचे दातही तसेच, पांढरेफटक. नापासराव जवळ गेला, खाली वाकला आणि एखाद्या भांड्याला पोचा पडलाय का बघावं तसा त्याच्या तोंडात बघत राहिला. मास्तर मागे सरकला.

"पांढरे करून घेतलेत," नापासराव म्हणाला. "आतून करडेपणा आहे. झाकणारा माणूस. नापास."

मास्तर दंड फुगवून पुढे यायला लागला, तेवढ्यात गाडीखाली वाकलेला मेव्हणा म्हणाला, "दाजी, पुढचा पाइप वाकलाय. ही कुठंतरी आदळलीय, आणि वरून रंग मारलाय."

झालं. इथेच सगळं बिघडलं. एखाद्या ज्योतिषाचं पहिलंच भाकीत खरं निघावं आणि मग त्याला घरात कुणी आवरू नये, तसं नापासरावचं झालं. तो छाती पुढे काढून चालायला लागला. रात्री जेवताना त्याने बायकोला दातांचं शास्त्र समजावून सांगितलं: सुळे झिजलेले असले की माणूस आतल्या गाठीचा, खालचे दात गर्दीने उभे असले की कंजूष. बायको त्याच्या ताटात वाढत राहिली. शेवटी म्हणाली, "आणि चढ कुठल्या दाताने चढतो?"

तिसरा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी होता. त्याच्या आवारात गाड्याच गाड्या, पण बोलताना तोंडापुढे हात धरायची त्याला सवय. दातच दिसेनात. नापासराव डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा मुद्दाम विनोद करून बघितला. तो माणूस हसलासुद्धा हाताच्या आड. हा तिथून एकही गाडी न बघता परत आला. मेव्हण्याने गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हा किस्सा हातवारे करून ऐकवला, आणि प्रत्येक वेळी शेवटी तोच जास्त हसला.

असे दिवस चालले होते, आणि खाली ती शंभर सीसीची म्हातारी रोज सकाळी खोकत होती. मग चौथी गाडी आली.

सरकारी गोदामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. नदीकाठच्या सपाट वस्तीत टुमदार घर, दारात कुंड्या, आणि पोर्चमध्ये गाडीवर घातलेलं स्वच्छ कापड. त्यांनी ते कापड कडेकडेने असं उचललं, की जणू खाली कुणी झोपलंय. साडेतीनशे सीसीची काळी गाडी, टायर नवेकोरे, एक ओरखडा नाही. पण नापासरावने ती अजून बघितलीच नव्हती. गृहस्थ दार उघडून "या, बसा" म्हणाले आणि हसले, तेव्हाच त्याचं काम झालं होतं.

सत्तरी उलटलेला माणूस, आणि तोंडात सगळेच्या सगळे दात. रंग वयाला शोभेल असा, जरा पिवळसर. आणि वरच्या ओळीत, समोरच्या दाताशेजारचा एक दात केसभर तिरपा. नापासराव भारल्यासारखा बघत राहिला. मेव्हण्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, "बघितलंस? विकतच्या रांगेत हे कधी सापडणार नाही. हे जन्माचे. या माणसाने आयुष्यात एक दिवस हयगय केली नसणार."

मेव्हणा इंजिनावर हात ठेवून उभा होता. "दाजी, इंजिन गरम आहे."

"मग?"

"आपण यायच्या आधी यांनी ती सुरू करून ठेवलीय. थंड असताना कशी उठते ते दिसू नये म्हणून."

"आपल्यासाठी तयार ठेवली. सभ्य लोक असंच करतात. तुला सवय नाही."

"बरं, मग ताईला घेऊन चढावर..."

गृहस्थ गोड आवाजात म्हणाले, "दोघंच काय, तिघं बसा हो. फक्त आज आमच्या घरी आजारपण आहे, आवाज सोसवत नाही. इथे गल्लीत एक फेरी मारून घ्या हवी तर." आणि पुन्हा हसले.

नापासरावने गल्लीतसुद्धा फेरी मारली नाही. अशा माणसाच्या दारात संशय दाखवायचा त्याला संकोच वाटला. ज्याने उभ्या जन्मात कुणाचा संकोच केला नाही, त्याला नेमका तिथे वाटला. बायकोची अट त्याला आठवली नाही असं नव्हे. आठवली, आणि त्याने तिलाही नापास केलं. पैसे दिले, वर ती शंभर सीसीची म्हातारीही त्यांनाच देऊन टाकली, आणि किल्ली घेतली. मेव्हणा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायको नव्या गाडीवर मागे बसली. "चढावर बघितली ना?" तिने विचारलं.

"माणूस बघितला," तो म्हणाला.

सपाटीवर गाडी झोकात गेली. नापासराव मान ताठ करून बसला होता, दोन ट्रक मागे टाकले, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग चढ लागला. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. टाकीचं वळण आलं आणि इंजिन एकाएकी ओरडायला लागलं. आवाज आभाळाला भिडला आणि गाडी जागची हलेना. त्याने गिअर बदलला, आतून कुणीतरी खडे चावावेत तसा आवाज आला. मग जळका वास, मग निळा धूर, आणि शेवटी गाडी चक्क मागे घसरायला लागली.

बायको उतरली. दोन्ही डबे घेतले, हेल्मेट काखेत मारलं आणि चालायला लागली. म्हातारी गाडी निदान हलकी होती, पायाने वल्हवता तरी यायची. ही रेड्यासारखी जड. नापासराव ती ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत राहिला. मागे टाकलेले दोन्ही ट्रक शेजारून गेले. त्यातला एक ड्रायव्हर मुद्दाम वेग कमी करून म्हणाला, "दादा, हिला पाणी पाजा."

बायकोला उशीर झाला. मुकादमीण दारातच उभी होती. "हा एक झाला," ती म्हणाली, आणि बाजूला होऊन तिला आत जाऊ दिलं. आता एकच उरला होता.

संध्याकाळी मेव्हण्याने गाडी उघडली. क्लचच्या पट्ट्या जळून कोळसा झालेल्या, पिस्टन झिजलेला, आणि गिअरपेटीतल्या चाकाचे दोन दाते तुटून तेलात पडलेले. त्याने ते तुकडे चिमट्याने उचलून दाजींच्या तळहातावर ठेवले. "दात बघायची एवढी हौस होती, तर हे बघायचे होते."

"कुणीतरी मधे गाडी हाताळली असणार," नापासराव म्हणाला. "त्या गृहस्थांना याची कल्पना नसेल. तसा माणूसच नाही तो."

"ही नीट करायला जेवढा खर्च आहे, तेवढ्यात दुसरी येते. आणि दुसरीला पैसे तुमच्याकडे नाहीत."

पुढचे दोन दिवस बायको पहाटेच्या आधीच घरातून निघून सगळं अंतर पायी गेली. वेळेवर पोचली, पण दिवसभर उकळत्या पाण्यापाशी उभं राहून पाय सुजले. तिसऱ्या दिवशी असं चालणं झेपणार नाही, हे तिला कळत होतं आणि त्यालाही दिसत होतं. तो तिच्या पायांकडे बघायचा नाही. उघडून ठेवलेल्या इंजिनाकडेही बघायचा नाही. पहिल्या बसने कामावर जाऊन टेबलाशी बसायचा आणि फळीवरच्या जबड्यांना उगीच शिव्या घालायचा.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी खालची नर्स एका वाटीत कवळी घेऊन वर आली. "डावीकडे टोचतेय म्हणतात. पेशंट खालीच बसलाय. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच खाली या आणि कुठे लागतंय ते बघून घासा."

नापासरावने कवळी हातात घेतली. आपलं काम बापाला पोर ओळखू यावं तसं त्याला ओळखू आलं. हिरडीची गोलाई, रंगाची ती वयाला शोभेल अशी पिवळसर झाक, आणि समोरच्या दाताशेजारचा तो केसभर तिरपा दात. दोन-तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर समाधान दिसलं. ती हातात धरून तो प्रथमच खालच्या दवाखान्यात पाय टाकायला गेला.

खुर्चीत एक म्हातारा बसला होता. गाल आत ओढलेले, ओठ दुमडून गेलेले, हनुवटी नाकाला टेकायला आलेली. रिकाम्या पिशवीची नाडी ओढावी तसं तोंड. नापासरावने त्याला ओळखलं नाही. म्हाताऱ्याने हात पुढे करून कवळी घेतली, तोंडात सारली, जबडा दोनदा हलवला, आणि त्या सुरकुत्यांमधून एकाएकी एक भला, विश्वासाचा, सभ्य चेहरा वर आला. गोदामवाले गृहस्थ.

"अरे, तुम्ही," ते म्हणाले आणि तेच हसू हसले. "कशी चाललीय गाडी?"

डॉक्टर शेजारी उभे. नर्स दाराशी उभी. नापासरावच्या तोंडात जगातल्या सगळ्या शिव्या आल्या होत्या. पण त्यातली एक जरी बाहेर काढली, तर मग आपण या माणसावर विश्वास का टाकला तेही सांगावं लागलं असतं. तो म्हणाला, "चढ चढत नाही."

"नाहीच चढत," गृहस्थ म्हणाले. "म्हणून तर विकली. मी सपाटीवर राहतो, मला चालून जायची. तुम्ही चढाचं काही विचारलंच नाहीत."

"आणि आज इथे वर कसे आलात?"

"टॅक्सीने. तिच्यावरून मी इथे येतो थोडाच?"

यावर नापासराव वाकला. त्याने गृहस्थांचा ओठ बोटाने बाजूला केला, डावीकडची लाल झालेली जागा बघितली, आणि अत्यंत थंड आवाजात म्हणाला, "जरासं घासलं की बसेल." वर गेला, चाक फिरवलं, घासून दिलं. चांगलं घासून दिलं. तिथेसुद्धा त्याला वाईट काम करता आलं नाही. नर्सला मात्र आधी काहीच कळलं नव्हतं. तिची स्कूटर मेव्हण्याकडेच दुरुस्तीला असायची; तिने गॅरेजमध्ये फोन करून चौकशी केली, तेव्हा कुठे सगळं जुळलं, आणि मग संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलच्या धुलाईघरापर्यंत कुणाला कळायचं राहिलं नाही.

बायकोने ऐकलं ते इस्त्री करता करता. ती हसली नाही. हातातली चादर संपवली, आणि पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट पेट्रोल पंपाशेजारी गेली. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याची गाडी तशीच उभी होती; उडालेल्या रंगामुळे कुणी घेतली नव्हती.

"मला मागे बसवून चढावर नेऊन आणा," ती म्हणाली.

त्याने हात पुसले आणि नेलं. टाकीचं वळण आलं, गाडी गुरगुरली आणि वर गेली. वरून वळून खाली आली. बायको उतरली आणि म्हणाली, "माझ्याकडे पैसे नाहीत. एक साडेतीनशेची गाडी आहे, इंजिन मेलेलं, पण टायर नवेकोरे, चाकं, दिवे, सगळं चांगलं. ती घ्या. आणि तुमच्या या तोंडाचं काय करायचं ठरवलंय?"

पंक्चरवाल्याने हाताने तोंड झाकलं. मग म्हणाला, "ताई, एकदा सफरचंद चावून खायचं होतं. आता कापून देते बायको, बारीक बारीक. लहान पोराला देतात तसं."

"माझे यजमान कवळ्या करतात. स्वभावाने वाईट आहेत, कामाने नाहीत. उरलेले दात काढून घ्या, हिरड्या भरल्या की कवळी तुमची. पण गाडी मला आज पाहिजे."

त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं, आणि किल्ली काढून दिली. मेव्हण्याने येऊन गाडी घरी पोचवली.

घरी नापासराव दारातच अडून बसला. "त्या तोंडाची गाडी मी चालवणार नाही."

"बरं," बायको म्हणाली. "मग मी भावाकडून शिकून घेते. तुम्ही मागे बसा. टाकीच्या वळणावर उतरायचं मी सांगेन."

मेव्हण्याने तोंड फिरवलं, पण खांदे हलताना दिसले. नापासरावने किल्ली घेतली.

तिसऱ्या दिवशी पहाटे दोघं निघाली. चढ लागला. पंक्चरवाल्याची ती फाटक्या सीटची गाडी एका लयीत वर जात राहिली. टाकीचं वळण जवळ आलं, तशी बायकोने सवयीने डब्यांची पट्टी सोडवून हातात घेतली आणि एक पाय खाली घ्यायची तयारी केली. वळण गेलं. पट्टी हातातच राहिली. थोड्या वेळाने तिने ती परत बांधली. मुकादमीण यायच्या आधी ती धुलाईघराच्या दारात उभी होती, आणि महिनाअखेर कायमही झाली.

पंक्चरवाल्याची कवळी नापासरावने जेवणाच्या सुट्टीत केली, महिनाभर कुरकुरत. मेण दोनदा वितळवून पुन्हा लावलं, कारण पहिल्या दोन वेळा त्याला दात फार सरळ वाटले. तयार झाल्यावर पंक्चरवाला घरी आला तो खिशात सफरचंद घेऊनच. त्याने कवळी लावली आणि सगळ्यांसमोर सफरचंदाचा एक मोठा तुकडा तोडला. मेव्हणा बघत होता. वरच्या ओळीत, समोरच्या दाताशेजारचा एक दात केसभर तिरपा.

"दाजी," तो म्हणाला, "आता हाच माणूस उद्या तुमच्याकडे जुनी गाडी विकायला आला, तर घ्याल."

बायको घडी घालत बसली होती. तिने मान वर केली नाही. फक्त विचारलं, "एवढं जगाचं तोंड उघडून बघत फिरता, आणि त्या गोदामवाल्याच्या तोंडातले स्वतःच्या हातचे दात कसे ओळखू आले नाहीत?"

नापासरावने पंक्चरवाल्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, कवळी वरून, बाजूने, नीट बघून घेतली, आणि मग सावकाश म्हणाला:

"ओळखू आले नाहीत, तोच तर कामाचा दाखला. दुसऱ्या कुणी केलेले असते, तर ती गाडी मी दारातूनच नापास केली असती."